बोटीतलं पाणी कोण नेतं

बोटीत पहिल्यांदा पाणी भरलं ते मी मासे धरायची काठी उभी करायच्या भोकात. डेकच्या कडेला दोन भोकं आहेत, दोन्ही गोल, दोन्हींना स्टीलची कड. एक टाकीचं, दुसरं काठीचं. काठीच्या भोकाला बूड नाही, ते खाली सरळ कालव्यात उघडतं. त्यात नळी खुपसून मी कमरेवर हात ठेवून पस्तीस मिनिटं उभा होतो आणि आपली टाकी केवढी मोठी आहे याचं मनातल्या मनात कौतुक करत होतो. शेजारच्या बोटीवर एक म्हातारा ऑस्ट्रेलियन गृहस्थ चहाचा मग घेऊन बसला होता. पस्तिसाव्या मिनिटाला त्यानं शांतपणे सांगितलं की मेट, तू कालवा भरतोयस.

त्याला हे पाचव्या मिनिटाला सांगता आलं असतं. बरं, सांगून तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर मीही हसलो असतो आणि विषय संपला असता. पण पस्तीस मिनिटं जो माणूस गप्प बसून दुसऱ्याची फजिती बघतो, तो आणखी काय काय गप्प बसून बघत असेल, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

बोट आमची कशी, ते सांगायला हवं. मी पुण्याचा, नोकरी कॉम्प्युटरची, पोहता येत नाही. पन्नाशी जवळ आली की पुरुषांना काहीतरी होतं. माझे मित्र महागड्या सायकली घेतात. मी निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्याची जुनी बोट घेतली. आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर, ब्रिस्बेनच्या खाडीकडच्या बाजूला एक कालवा आहे, तिथल्या सार्वजनिक धक्क्याला ती बांधलेली असते. आत एक खोली, एक पलंग, दोन शेगड्या, आणि एक न्हाणीघर, ज्यात शिरण्यापूर्वीच तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरवावं लागतं, कारण आत गेल्यावर वळता येत नाही. वर्षभरात आम्ही त्या बोटीवर तीनदा गेलो. तिन्ही वेळा बायकोनं एकच प्रश्न विचारला की ही विकायची कधी.

मग २०२० चा मार्च आला. आई जानेवारीत पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, ती परतीची विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकली. वय अठ्ठ्याहत्तर, जोडीला जुना दमा. आणि बायको हॉस्पिटलात नर्स. त्याच आठवड्यात तिची बदली तापाच्या रुग्णांच्या क्लिनिकमध्ये झाली. म्हणजे दिवसभर लोक तिच्या तोंडावर खोकणार, आणि संध्याकाळी ती घरी येऊन आईच्या शेजारी जेवायला बसणार. हॉस्पिटल म्हणत होतं, हॉटेलच्या खोल्यांचं बघतो. ते बघणं चालूच होतं. तेव्हा एके दिवशी बायकोनं बॅग भरली आणि म्हणाली, "मी बोटीवर राहते. आईंना काही झालं तर मला कोणाला तोंड दाखवता येणार नाही."

बोट घेतल्याचं सार्थक झालं असं मला वाटून गेलं. मी ते बोललो नाही, एवढं शहाणपण होतं.

आता बोटीवर राहणं म्हणजे घरात राहणं नव्हे. नळ उघडला की पाणी येतं खरं, पण टाकीत असलं तर. आणि टाकीतून ते वर ढकलणाऱ्या छोट्या पंपाला बॅटरीत जीव असला तर. दिवे, पंप, छोटा फ्रिज, सगळं बॅटरीवर. धक्क्यावर प्रत्येक बोटीसमोर कमरेएवढा एक खांब असतो, त्याला एक नळ आणि एक सॉकेट. सॉकेटमधून जाड वायर बोटीत जाते, तिथं कपाटात चार्जर आहे, तो बॅटरी भरतो. छपरावर सोलर पॅनलही आहे, पण त्यावर पेलिकन बसतात, आणि पेलिकन बसून गेल्यावर त्या पॅनलपर्यंत ऊन पोचत नाही.

काम वाटून घेतलं. बायको पहाटे शिफ्टला जाणार, संध्याकाळी परत येणार. मी दुपारी, ती नसताना, डबा घेऊन जाणार, टाकी भरणार, बॅटरीचा आकडा बघणार आणि निघणार. आमची गाठ पडायची नाही. पडलीच तर ती डेकवर आणि मी धक्क्यावरच्या बाकावर. टाकी किती भरली ते दाखवणारा काटा पहिल्यापासून अर्ध्यावर अडकलेला आहे, म्हणून मी लाकडाच्या एका पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. पट्टी भोकातून आत सोडायची, ओली किती झाली ते बघायचं. या वेळी बरोबर भोकात.

तिसऱ्या दिवशी पट्टी जवळजवळ कोरडी वर आली. आदल्या दुपारी मी टाकी गच्च भरली होती. दोनशे लिटर. एका बाईला एका रात्रीत दोनशे लिटर.

संध्याकाळी मी फोनवर विचारलं, किती पाणी वापरलंस. ती म्हणाली, अंघोळ, तोंड धुणं, दोन भांडी. मी विचारलं, अंघोळ साधारण किती मिनिटं.  मग ती म्हणाली की उद्यापासून जपून वापरते. मला वाटलं, चला, विषय मिटला. अशा वेळी समोरचं माणूस बारा तास मास्क लावून उभं राहून आलंय, हे आपल्याला सुचत नाही. सुचतं ते दोन वर्षांनी, लिहायला बसल्यावर.

चौथ्या दिवशी पट्टी पुन्हा कोरडी. आणि बॅटरीचा आकडाही खाली, बारा व्होल्टच्याही खाली. खांबाकडे जाऊन बघितलं तर सॉकेटचं बटण बंद. मी काल आल्या आल्या ते चालू केलं होतं, हे मला लख्ख आठवत होतं. म्हणजे मागाहून कोणीतरी बंद केलं. पाचव्या दिवशी चालू होतं. सहाव्या दिवशी बंद. पाणी मात्र रोज गायब.

त्या दिवसांत संशय हा दुर्गुण राहिलाच नव्हता, ती एक आरोग्याची सवय झाली होती. सुपरमार्केटमध्ये माणसं एकमेकांच्या ट्रॉलीत वाकून टॉयलेट पेपरची पाकिटं मोजत होती. आमच्या गल्लीत कोणाकडं दोन गाड्या उभ्या दिसल्या की लोक पडदा सारून बघायचे. मीही मागे कसा राहणार. मी शेजारच्या बोटीकडं नीट बघायला लागलो, आणि नीट बघितल्यावर काय, पुरावेच पुरावे. म्हाताऱ्याच्या डेकवर टोमॅटोच्या आठ कुंड्या, सगळी रोपं टवटवीत, खालची माती काळी ओली. बोट रोज धुतल्यासारखी पांढरी. आणि त्याची हिरवी नळी वेटोळं करून ठेवलेली, तिचं तोंड आमच्या खांबाकडं.

घरी मी आईला सगळं सांगितलं. आई दम्याचा पंप हातात धरून ऐकत होती. तिचं मत पडलं की माणूस एकटा राहतो म्हणजे काहीतरी असणार. शिवाय तिनं विचारलं, तो सुनेशी बोलतो का. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "बोलतो की. रोज विचारपूस करतो. बरा माणूस आहे." मी विचारलं, कसली विचारपूस. ती म्हणाली, मी दमलेय, उद्या बोलू.

रोज विचारपूस. म्हणजे ती केव्हा जाते, केव्हा येते, सगळं त्याला माहीत. मला हे चांगलं लक्षण वाटलं नाही.

मग मी लेकीची जुनी दुर्बीण काढली, तिनं शाळेत पक्षी बघायच्या प्रकल्पासाठी घेतली होती ती. आठव्या दिवशी मी नेहमीसारखी टाकी भरली, डबा ठेवला, आवरून निघालो, पण घरी गेलो नाही. गाडी पार्किंगच्या टोकाला लावून आत बसून राहिलो. लेकीचा फोन आला, डॅड, कुठं आहेस, तुझी मीटिंग सुरू झाली. मी हळू आवाजात सांगितलं काय करतोय ते. ती म्हणाली, "दॅट्स सो क्रीपी," आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी म्हातारा त्याच्या बोटीतून उतरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आमच्या खांबापाशी आला आणि बटणावर बोट ठेवलं. दुर्बिणीतून मला त्याच्या नखातली माती दिसली. मग तो परत जाऊन कुंड्यांच्या मागं बसला.

मी तिथल्या तिथं जाऊन त्याला पकडायला हवं होतं. पण एक तर माझी मीटिंग, दुसरं म्हणजे मला भांडण इंग्रजीत करता येत नाही. ते आधी मनात लिहून घ्यावं लागतं. मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बटण चालू. यावरून कोणाही सरळ माणसाच्या लक्षात काय यायचं ते आलं असतं. माझ्या लक्षात आलं ते असं, की मी बघितलं हे त्याला कळलं असणार, म्हणून त्यानं ते गुपचूप परत चालू करून ठेवलं. चोर हुशार होता.

अकराव्या दिवशी संध्याकाळी, नुकती दिवेलागण झालेली, बायकोचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. क्लिनिकमधल्या तिच्या एका सहकारी नर्सची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. बायकोची टेस्ट घेतली होती, निकाल यायला दोन दिवस. तोपर्यंत बोटीतून हलायचं नाही, कामावरही जायचं नाही. ती परत आली, आधी केस धुवायला घेतले, डोक्याला शॅम्पू लावला, आणि पंप घरघरून बंद पडला. दिवेही गेले. "मी अंधारात साबण लावून उभी आहे," ती म्हणाली. "इथं पाणी आणि लाइट नसेल तर मी दोन दिवस काढू शकत नाही. आणि घरी मी येणार नाही. मग मी कुठं जायचं ते तू सांग."

मी प्यायच्या पाण्याचे दोन मोठे कॅन गाडीत टाकले. आई दारात येऊन उभी राहिली.

धक्क्यावर पोचलो, कॅन बोटीच्या कडेला ठेवले, मागं सरलो. बायको टॉवेल गुंडाळून डेकवर आली आणि ते आत घेऊन गेली. खांबाकडं बघितलं. बटण बंद. इतके दिवस मनात लिहिलेलं सगळं इंग्रजी मला एकदम आठवलं. मी बटण चालू केलं आणि शेजारच्या बोटीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हातारा खुर्चीवरच होता.

मी सांगितलं की हे काय चाललंय ते मला माहीत आहे. माझी बायको हॉस्पिटलात काम करते, तिला आज इथून हलता येत नाही, आणि तुम्ही तिचं पाणी आणि वीज घेताय. मी तीन दिवसांपूर्वी स्वतः बघितलंय तुम्हाला, आमच्या बटणावर हात ठेवताना.

"ठेवला होता," तो म्हणाला. "चालू करत होतो."

"मग बंद कोण करतं?"

"तू."

मी काही बोलणार, तेवढ्यात तो मोजून सांगायला लागला, अगदी सावकाश. "रोज आर्वोला, म्हणजे दुपारी, येतोस. आधी खिडक्या लावतोस. मग गॅसची कळ. मग दाराला कुलूप, ते तीनदा ओढून बघतोस. मग इथं खांबापाशी येतोस, बटण बंद करतोस, त्याच्यावर एकदा हात फिरवतोस आणि जातोस. एक दिवससुद्धा चुकला नाहीस."

मी म्हणणार होतो की हे खोटं आहे. पण माझ्या हाताला ते खरं असल्याचं माहीत होतं. आमच्या पुण्याच्या घरी, बाहेर पडताना वडील दाराशी उभे राहून म्हणायचे, गॅस, नळ, बटणं. आम्ही भावंडं तीन दिशांना धावायचो. कोणी लग्नाला निघालेलं असो की कोपऱ्यावर दूध आणायला, एकही बटण चालू ठेवून घराबाहेर पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. त्या दिवसांतही मी घरातून निघालो की आई आतून ओरडायची, बटणं बंद केलीस का रे. इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहून माझं इंग्रजी बदललं, पोट बदललं, पण निघताना हात बटणाकडं जातो तो जातोच, आणि गेलेला मला कळतही नाही. मी येताना चार्जर चालू करत होतो, तासभर तिथं असेपर्यंत बॅटरी भरत होती, आणि जाताना मीच ती बंद करत होतो. ज्या दिवशी म्हाताऱ्यानं चालू केलं त्या दिवशी बायकोला दिवे मिळाले. आज तो दिवसभर डॉक्टरकडं गेला होता, तेही त्यानंच सांगितलं.

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

तो अवघडला. बोटीकडं, बायकोच्या दिशेनं बघितलं. मग जे बोलला ते त्याला बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. त्याला वाटलं होतं, या माणसानं बायकोला घराबाहेर काढलंय. बाई एकटी जुन्या बोटीत राहते, नवरा रोज येतो तो ती नसताना, आणि जाताना तिची वीज तोडून जातो. तिला विचारलं तर म्हणते, सासूच्या तब्येतीसाठी मी इथं राहते. सासूसाठी सून बोटीवर राहते, ही गोष्ट त्याला साफ बनाव वाटली. नवऱ्याला पाठीशी घालतेय बिचारी, असं त्यानं धरलं. म्हणून तो गुपचूप बटण चालू करून यायचा आणि टोमॅटोच्या आडून माझ्यावर नजर ठेवायचा. या शुक्रवारपर्यंत बघायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

म्हणजे आठव्या दिवशी मी गाडीतून त्याच्यावर पाळत ठेवून होतो आणि तो कुंड्यांमागून माझ्यावर.

बायको डेकवर उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या केसांवर अजून फेस होता. ती हसेल असं मला वाटलं, आणि मला ते चाललं असतं.

पाण्याचं राहिलं होतं. मी जरा धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, तुझ्या बोटीच्या कुशीतल्या छोट्या भोकातून दर थोड्या वेळानं पाण्याची पिचकारी बाहेर पडते, ते अंघोळीचं पाणी असेल असं मी समजत होतो. पण आज तर अंघोळीपुरतंही पाणी नव्हतं, तरी मी परतलो तेव्हा पिचकारी चालूच होती. मग तो उठून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज घाईचा झाला. टाकीचं पाणी कुठल्यातरी जोडातून बोटीच्या तळात गळत होतं. तळात पाणी साठलं की एक पंप आपोआप चालू होऊन ते बाहेर फेकतो, आणि तो पंपही बॅटरीवरच. टाकी रिकामी होत होती आणि ती रिकामी करण्यासाठी बॅटरी खर्च होत होती. चोर बोटीच्या पोटात होता.

आत जायची मला परवानगी नव्हती, त्याला तर नव्हतीच. तेव्हा तो त्याच्या डेकवरून सांगत होता, मी धक्क्यावरून टॉर्च धरून उभा होतो, त्या टॉर्चचा उजेड कुठंही उपयोगी पडत नव्हता, आणि बायकोनं एकटीनं सिंकखालची फळी उचलली. सिंकच्या मागं पाइपाला आवळणारी पत्र्याची क्लिप गंजून तुटली होती. या एका गोष्टीत माझा हात नव्हता, हे नोंदवून ठेवतो. म्हाताऱ्यानं स्वतःच्या डब्यातून नवी क्लिप काढली, धक्क्यावर ठेवली, मागं सरला. बायकोनं ती उचलली. रोज दहा जणांच्या हाताला सुई टोचणारी बाई; दोन मिनिटांत तिनं ती पाइपावर चढवून स्क्रू आवळला आणि मी टाकीत थोडं पाणी सोडल्यावर जोडावर टिश्यूचा कागद धरून बघितला. कोरडा. मग मी टाकी पूर्ण भरली. माझ्या वाट्याला आलेलं तेवढं एकच काम.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दोन दिवसांनी तिची टेस्ट निगेटिव्ह आली. त्यानंतर ती आणखी साडेपाच आठवडे बोटीवर राहिली. आईला त्या काळात साधी सर्दीही झाली नाही, आणि विमान मिळाल्यावर ती पुण्याला गेली. सुनेनं कालव्यात राहून मला वाचवलं, असं ती तिकडं सांगते. बटणाचा भाग ती गाळते.

त्या संध्याकाळी टाकी भरून झाली, दिवे नीट लागले, चार्जरचा हिरवा दिवा पेटलाय असं बायकोनं आतून सांगितलं. मी म्हाताऱ्याची माफी मागितली. त्यानं आधी क्लिपांचा डबा बंद केला, मग नो वरीज म्हणाला. मग आत निघून गेला. मी बाकावर बसलो, बायको डेकवर. केस धुऊन आली होती, टॉवेलनं पुसत होती. मी म्हटलं, चुकलं माझं, उगाच त्या माणसावर आळ घेतला. एवढंच म्हणून थांबायचं तर मी पुढं म्हणालो की माणूस बरा आहे, पण तुला रोज विचारपूस करत होता तर मला तरी सांगायचंस, काय विचारायचा तो.

तिनं टॉवेल मांडीवर ठेवला.

"तू रोज फोन करून विचारायचास, किती पाणी वापरलंस," ती म्हणाली. "पुरलं का, हे तो विचारायचा."